परवाना बंदुकीला मिळतो, नेमाला नाही



धान निसवलं की आमच्या झाडीपट्टीत माणसाची झोप संपते. लोंबीत दूध भरायला लागलं की रानडुकरांचा कळप बांधीत उतरतो. खातो थोडं आणि लोळून, तुडवून नासवतो जास्त. सिंदेवाही, मूल, नागभीड, ब्रह्मपुरी, सावली, तिकडे आरमोरी, वडसा, धानोरा, कुठेही जा, दिवाळीच्या आसपास माचीवर जागलीला बसलेला माणूस दिसणारच. आणि दर वर्षी त्या माचीवर एकच विषय निघतो : "सरकारनं बंदुका द्याव्या, मग बघा डुकरं कशी जातात ते."

मीही हेच म्हणायचो. आता म्हणत नाही. का म्हणत नाही, ते आज सांगतो. काही जणांना राग येईल, पण पूर्ण वाचा आणि मग बोला.

आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एक भरमार आहे. ठासणीची बंदूक. तोंडाकडून दारू घालायची, चिंधी ठासायची, गोळी किंवा छर्रे घालायचे, परत चिंधी ठासायची, टोपी चढवायची आणि घोडा ओढायचा. वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. वेळच्या वेळी नूतनीकरण होतं. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकाल लागल्यावर परत आणायची. इतक्या वर्षांत साहेब लोकांनी नंबर पाहिला, परवाना पाहिला, फोटो पाहिला. पण "ही बंदूक मारते कुठे?" हा प्रश्न एकानेही विचारला नाही. खरं सांगू? मीही कधी विचारला नव्हता.

वडिलांच्या काळातली एक गोष्ट आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. शेजारच्या तुरीत डुक्कर शिरलं म्हणून एका रात्री घरातल्याच माणसाने बार काढला. धूर झाला, डुक्कर ओरडलं आणि पळालं. सगळे म्हणाले, "लागलं त लागलं, नाही त आवाज त झाला." तिसऱ्या दिवशी त्याच तुरीच्या धुऱ्यावर गवत कापायला गेलेल्या बाईवर जखमी डुक्कर धावून आलं. मांडी फाटली. बाई वाचली, पण पुढे रोवणीला कधी वाकू शकली नाही. डुकराच्या पुठ्ठ्यात छर्रे होते. नेम पुढच्या पायामागे धरला होता, लागलं मागे. चूक डुकराची नव्हती.

मोठं झाल्यावर मला त्याचं कारण कळलं. जुन्या नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातड्याची ढाल असते. छर्रे तिथे थांबतात, जीव जात नाही. मर्माची जागा म्हणजे पुढच्या पायाच्या मागे, खालच्या बाजूला, जेवायच्या ताटलीएवढी. तिथे एकच नीट गोळी लागली तर काम होतं. ती ताटली चुकली, तर आपण पीक वाचवलं नाही, गावाच्या वाटेवर एक जखमी जनावर सोडलं.

म्हणून दोन वर्षांमागे ठरवलं की आधी बंदुकीला विचारायचं. ठाण्यात लेखी कळवलं, परवानगी घेतली आणि गावाबाहेरच्या मुरमाच्या जुन्या खदानीत, मागे उंच माती असलेल्या जागी, दुपारच्या उन्हात फळी उभी केली. फळीवर ताटलीएवढा गोल काढला. लेकरं, गुरं, सरपणवाले कुणी येऊ नये म्हणून दोन्ही वाटांवर माणसं ठेवली.

आता थोडं शास्त्र सांगतो, कारण गैरसमज इथेच आहेत.

मोबाईलवर आपली पोरं परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघतात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीसाठी शिकारीचा वेगळा हंगाम असतो. त्यांच्या बंदुकीच्या नळीत आतून पीळ पाडलेले असतात. गोळी त्या पिळातून भोवऱ्यासारखी फिरत निघते म्हणून सरळ जाते. इंग्रजीत त्या पिळांवरूनच रायफल हे नाव पडलं. वर मागची-पुढची खूण असते, दुर्बीण असते, स्क्रू फिरवून नेम बसवता येतो. आपली भरमार आतून गुळगुळीत. गोळी नळीपेक्षा थोडी बारीक, ती आत आपटत आपटत येते आणि शेवटी ज्या बाजूला आपटली त्याच्या उलट निघते. मागे खूणच नाही, पुढे फक्त एक माशी. म्हणजे आपल्याला नेम बसवायला फिरवण्यासारखं काही नाही. बंदूक बदलत नाही, आपण बंदूक ओळखायची, एवढंच हातात आहे.

ओळखायची कशी, तर सगळ्या गोष्टी दर वेळी सारख्या ठेवून. दारूचं माप एकच, तेही मापट्याने, शिंगातून अंदाजे ओतून नाही. किती दारू, ते बंदूक बनवणाऱ्याने किंवा परवानाधारक कारागिराने सांगितलेलं. माझं माप तुमच्या बंदुकीला लावू नका. चिंधी एकाच कापडाची, एकाच जाडीची. गज दर वेळी सारख्याच जोराने दाबलेला. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटते, आणि फुटली की डावा हात जातो. म्हणून गजावर दोन खुणा करून ठेवा : एक रिकाम्या नळीची, एक नीट भरलेल्या नळीची. अंधारात बंदूक भरली आहे की नाही ते गज सांगतो, आठवण नाही सांगत. भरलेल्यावर परत भरल्याने किती जणांचे हात गेले असतील!

फळीसमोर बसताना वाळूची पिशवी ठेवली आणि बंदुकीचं लाकूड तिच्यावर टेकवलं, नळी नाही. नळी टेकवली तर गोळी भलतीकडे जाते. २० पावलांवर तीन बार काढले. प्रत्येक बारानंतर ओल्या चिंधीने आणि मग कोरड्या चिंधीने नळी पुसली, कारण काळी दारू जळली की आत काजळी साचते. कोऱ्या नळीचा पहिला बार आणि काजळलेल्या नळीचा तिसरा बार एका जागी पडत नाहीत. शिवाय पुसल्याने आत राहिलेली ठिणगी विझते. ठिणगीवर ताजी दारू ओतली तर तोंडावरच भडका. एकदा टोपी फुटली पण बार निघाला नाही. तेव्हा नळी मातीकडेच धरून पूर्ण मिनिटभर थांबलो. उशिराने उडालेला बार बघणाऱ्याच्या डोळ्यात जातो.

आता निकाल ऐका. २० पावलांवर तिन्ही गोळ्या ताटलीत, पण मधोमध नाही, डाव्या काठाला. ३० पावलांवर दोन आत, एक बाहेर. ४० पावलांवर एकही आत नाही. एक फळीच्या कडेला लागली, दोन कुठे गेल्या ते मातीलाच माहीत. मग छर्रे भरून पाहिले. ३० पावलांवर छर्रे फळीभर पसरले, ताटलीत दोन-तीनच. पाखरं उडवायला ठीक. डुकरावर छर्रे म्हणजे जखम देण्याची हमी.

आणि मी आयुष्यभर माचीवरून कितीवर नेम धरत होतो? आमची माच बांधीच्या कडेपासून मोजली. ५५ पावलं.

त्या दिवशी मी गप्प घरी आलो. गरम पाण्याने नळी धुतली, वाळवली, तेल दिलं, कारण काळ्या दारूची काजळी ओल ओढते आणि दोन दिवसांत लोखंड खाते. पावसाळ्यात दारू ओलसर झाली की जोरही कमी होतो. म्हणजे उन्हाळ्यात पाहिलेला नेम भादव्यात खरा राहीलच असं नाही. धुता धुता एकच विचार डोक्यात होता : इतकी वर्षं मी पीक राखत होतो की नुसता धूर काढत होतो?

आता कायद्याचं बोलू, कारण माचीवर त्यातही गोंधळ असतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना स्पष्ट लिहिलेला आहे. पण तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, डुक्कर मारण्याचा नाही. हे दोन कागद वेगळे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. रोही आणि रानडुक्कर आधी अनुसूची ३ मध्ये होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून ते अनुसूची २ मध्ये आहेत. कलम ११ म्हणतं की असं जनावर माणसाला किंवा उभ्या पिकाला धोका झालं असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी आदेशाने त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. लेखी आदेश, तोंडी "हो" नाही. आणि मारलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारचं. ते घरी नेलं, वाटून खाल्लं तर पीक राखणारा शेतकरी एका रात्रीत शिकारी ठरतो. ताडोबा, घोडाझरी, चपराळा, भामरागड अशा अभयारण्यांच्या १० किलोमीटरच्या आतल्या भावांसाठी आणखी एक : कलम ३४ प्रमाणे तिथे नवीन बंदूक परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय मिळत नाही.

चंद्रपूरला हा विषय नवा नाही. २०१६ च्या जूनमध्ये दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचं जनावरं मारण्याच्या परवानग्यांवरून जाहीर भांडण झालं, तेव्हा मनेका गांधींनी चंद्रपुरातल्या ५३ रानडुकरांचा आकडा सांगितला होता. बिहारच्या रोहींबरोबर आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं. एका बाजूला "निष्पाप जनावरं मारली", दुसऱ्या बाजूला "शेतकरी मेला त्याचं काय". दोन्ही बाजूंनी आवाज भरपूर झाला. पण शेतकऱ्याला परवानगी दिली तर तो मारणार कोणत्या बंदुकीने, कितीवरून, कुणाच्या देखरेखीखाली, हे त्या गोंधळात कुणी विचारलं नाही.

माझं मत इथे आहे. परवानगी कमी-जास्त करून हा प्रश्न सुटत नाही. परवानगीच्या कागदावर नेमाचा हिशोब नाही, खरी अडचण ती आहे.

सरकार माणसाला गाडी चालवायचा परवाना देतं तेव्हा आठचा आकडा काढून दाखवायला लावतं. बंदुकीच्या नूतनीकरणाला फक्त कागद लागतात. माझी मागणी साधी आहे. वर्षातून एक दिवस, धान निसवायच्या आधी, तालुक्यातल्या पीक संरक्षण परवानाधारकांना पोलिसांच्या चांदमारीच्या मैदानावर बोलवा. ताटलीएवढा गोल, तीन बार. तिन्ही आत पडतील ते अंतर त्याच्या परवान्यावर लिहा. वीस तर वीस, तीस तर तीस. नळी पोखरलेली, घोडा सैल असेल तर तिथेच सांगा आणि दुरुस्तीपर्यंत बंदूक जमा करा. वनविभागाने मारण्याचा आदेश देताना ते अंतर पाहावं. ज्याचा नेम नाही, त्याला नाकारून मोकळं होऊ नये. त्याच्या शेतात विभागाने आपला शिकलेला माणूस पाठवावा.

यावर आमचे काकाजी म्हणाले, "अजून एक कागद? शेतकऱ्याले कचेरीतच मारता का?" त्यांचं दुःख मला कळतं. पंचनाम्यासाठी चकरा मारून चप्पल झिजलेला माणूस नव्या अटीला भिणारच. पण काकाजी, हा कागद तुमच्या बाजूचा आहे. उद्या तुमच्या गोळीने मोहफूल वेचणारी बाई जखमी झाली, तर कोर्टात तुमच्या हातात काय असेल? मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली वाकून बसलेला माणूस आणि बांधीतलं डुक्कर बॅटरीच्या उजेडात सारखंच काळं दिसतं. सपाट बांधीवरून आडवी मारलेली गोळी डुक्कर चुकवून पुढे किती लांब जाईल याचा नेम नाही. माचीवरून खाली मातीत मारलेली गोळी तिथेच मरते. हे मैदानावर एक दिवस शिकवलं तर त्यात वाईट काय?

दुसरा आक्षेप असा की बंदूक ठेवूच नका, सौर कुंपण लावा. मी लावलं आहे, दोन एकराला. काम करतं, पण गवत तारेला टेकू द्यायचं नाही, बॅटरी सांभाळायची. ज्यांना परवडतं त्यांनी तेच आधी करावं. पण जिवंत विजेची तार सोडू नका. त्या तारेत डुकराच्या आधी वाघ मरतो, शेजारचा माणूस मरतो, कधी आपलाच बाप मरतो. चंद्रपूर-गडचिरोलीत असं किती वेळा झालं ते तुम्हाला सांगायला नको. आणि बिनपरवान्याची भरमार घरात लपवून ठेवली असेल तर ती ठाण्यात नेऊन द्या. गडचिरोलीत पोलिसांच्या आवाहनावर कितीतरी गावकऱ्यांनी त्या जमा केल्या. तिकडे भरमार जवळ असणं म्हणजे दोन्हीकडून संशय, हे लोकांनी सोसलं आहे. शिवाय जी बंदूक लपवावी लागते तिचा नेम फळीवर कधीच पाहता येत नाही.

कृषी खात्याच्या आणि विद्यापीठाच्या मित्रांनाही एक विनंती. आम्हाला वाण सांगता, खत सांगता, कडाकरप्याचं औषध सांगता. डुकराच्या नुकसानीची नोंद कशी ठेवायची तेही शिकवा. कोणत्या अवस्थेत कळप उतरतो, कोणत्या बाजूने येतो, किती लोंब्या जातात. जंगलाला लागून असलेल्या बांधीत लवकर येणारं वाण लावलं आणि बाकी शिवार उशिरा आलं, तर सगळा कळप त्या एकाच बांधीत जमतो, हे माझ्या शेतात पाहिलं. अख्ख्या शिवाराने एकाच वेळी येणारं वाण ठरवलं तर नुकसान वाटलं जातं. यावर तुम्ही मोजमाप करून सांगा, आम्ही ऐकू.

आता शेवटचं. मागच्या हंगामात मला लेखी परवानगी मिळाली होती. मी माच हलवली, डुकरांच्या वाटेपासून १८ पावलांवर बांधली. तोंड गावाकडे नाही, बोडीच्या पाळीकडे ठेवलं. रात्रीच्या नेमासाठी त्याच बॅटरीच्या उजेडात माशी दिसते का ते आधी तपासलं. धूर झाला की समोरचं काही दिसत नाही आणि परत भरायला वेळ लागतो, म्हणजे रात्रीचा एकच बार, हे मनाशी पक्कं केलं. अकरा रात्री बसलो. नवव्या रात्री कळप आला, पण पलीकडच्या धुऱ्याने. मोठा नर आडवा उभा राहिला. अंतर चाळीसच्या वर. चाप बोटाखाली होता. जुना मी असतो तर बार उडालाच असता.

मी घोडा हळूच खाली उतरवला, डबा वाजवला, बॅटरी फिरवली. कळप निघून गेला, आणि दोन दिवसांनी माझी दीड बांधी तुडवून गेला. परवानगीची मुदत संपली. पंचनामा झाला, पैसे अजून यायचे आहेत. नुकसान झालं, खोटं कशाला बोलू. घरचेही बोलले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच धुऱ्यावर माझी भावजय आणि शेजारच्या दोन बाया गवत कापायला गेल्या. दुपारी भारे घेऊन हसत परत आल्या. दीड बांधीची किंमत मला माहीत आहे, तीही मी वहीत लिहून ठेवली आहे.

तुमच्याकडे परवान्याची बंदूक असेल तर या उन्हाळ्यात ठाण्याला विचारून फळी उभी करा. किती पावलांवर तिन्ही बार ताटलीत पडले, ते प्रामाणिकपणे मला सांगा. आकडे जमले की आपण सगळे मिळून तहसीलदारांकडे आणि वनविभागाकडे निवेदन देऊ. नुसत्या "बंदुका द्या"पेक्षा त्या निवेदनाला वजन येईल.

जय सेवा. राम राम.